मुन्शी घाटावर नागपूरची टाकी

काशीतला मुन्शी घाट आमचा आहे. आमचा म्हणजे नागपूरकरांचा. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर मुन्शींनी १८१२ साली तो बांधला आणि वर चुनारच्या दगडाचा भला थोरला वाडा उभा केला. पुढे १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी वाडा घेतला, अर्ध्या घाटाला त्यांचं नाव लागलं, आणि आता वाड्यात महागडं हॉटेल आहे. मालमत्ता हातची गेली तरी नावावरचा हक्क सोडायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे पायरीवर बसलेला प्रत्येक नागपूरकर शेजारच्याला हा इतिहास सांगतोच. शेजारचा बहुधा पुण्याचा असतो. तो लगेच दशाश्वमेधाकडे बोट करून पेशव्यांचं नाव काढतो. दोघांच्या मध्ये अहिल्याबाईंचा घाट आहे म्हणून बरं आहे.

आम्ही गेलो ते पितृपक्षात. गंगा चढलेली होती. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. हिवाळ्यात काठाकाठाने सरळ चालत जाता येतं. या दिवसांत मात्र शेजारच्या घाटावर जायचं तरी आधी वर गल्लीत चढायचं, गल्लीत हरवायचं, एखाद्या सांडाला वाट द्यायची आणि मग दुसरीकडून उतरायचं. बरोबर बायको, माझी आत्या आणि भाचा. आत्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात वाढलेली, पंचाहत्तरी ओलांडलेली, काशी राहिली म्हणून आलेली. भाचा पुण्याला एका कंपनीत वस्तूंना इंटरनेट जोडून देतो. हे वाक्य मुलीकडच्यांना नीट समजावून सांगता येत नाही म्हणून त्याचं लग्न रखडलंय, असं माझ्या बहिणीचं मत आहे.

पायरीवर जरा टेकतो न टेकतो तोच खिशातला फोन थरथरला.

"पाणी ब्याण्णव टक्के," मी वाचलं.

आत्याने गंगेकडे पाहिलं. "काऊन रे, इतकं कुठं दिसून राहिलं? वरती ढीगभर पायऱ्या आहेत अजून."

"गंगेचं नाही आत्या. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं."

आत्या काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलला. संसाराचे पाश चार दिवस सुटावेत म्हणून माणूस काशीला येतो, आणि हा गच्चीवरची टाकी घेऊन आला.

टाकी मी आणली नव्हती. निघायच्या आधी भाच्याने तिच्या झाकणाला आतून एक डबी बसवली होती. एकीकडे डबी, दुसरीकडे मोटारीचं बटण, मध्ये घरातलं वायफाय. आता नळ कधीही येवो, खालचा हौद भरो न भरो, मोटार आपली आपण सुरू होणार आणि आपली आपण बंद होणार. आणि दर वेळी तो पराक्रम मला फोनवर कळवणार. हा कळवण्याचा भाग मी मागितला नव्हता. पण या धंद्यात कळवणं फुकट मिळतं. न कळवण्यासाठी सेटिंगमध्ये जावं लागतं.

"म्हणजे नेमकं काय करते ते?" आत्याने विचारलं. ती टाळायचं ते प्रश्न विचारून टाळत नाही, सरळ झोपते. म्हणजे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भाचा सरसावला. यंत्राला चार कामं, तो म्हणाला. पाहायचं, सांगायचं, ठरवायचं, करायचं. सेन्सर पाहतो, वायफाय सांगतं, कुठंतरी बसलेला प्रोग्रॅम ठरवतो आणि शेवटी रिले नावाचं एक बटण मोटार चालू-बंद करतं. जगात इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणून जे काही विकलं जातं, मनगटावरच्या घड्याळापासून तेलाच्या पाइपलाइनीपर्यंत, ते सगळं या चारांत येतं.

"मग यात नवीन काय?" आत्या म्हणाली. "हे सगळं मी करत होती. गच्चीवर जाऊन टाकीत वाकायची, खाली येऊन तुझ्या आजोबांना सांगायची, ते ठरवायचे, अन् बटण मीच दाबायची."

चारांपैकी तीन कामं आत्याकडे आणि ठरवण्याचं तेवढं आजोबांकडे. त्या काळच्या सगळ्याच घरांतली ही व्यवस्था होती, त्यावर मी बोललो नाही.

पाहण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. डबीला डोळे नाहीत, ती ओरडते. माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यावर टाकते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. पाणी एक मीटर खाली असलं तर आवाज जाऊन यायला सहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. वेळेवरून अंतर, अंतरावरून टाकी किती रिकामी, आणि त्यावरून ब्याण्णव टक्के. पण हवेतला आवाज वीस अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर पळतो, आणि पंचेचाळीस अंशांना ३५८च्या आसपास. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, टिनाखाली तापलेल्या टाकीत, आवाज नेहमीपेक्षा लवकर परत येतो, आणि डबीला वाटतं पाणी जवळच आहे. ज्या महिन्यात पाणी सगळ्यांत कमी, नेमकी त्या महिन्यात टाकी असते त्याहून जास्त भरलेली दिसते. पाण्याच्या टँकरवाल्यांना हे तत्त्व कुठल्याही सेन्सरशिवाय माहीत आहे. यावर उपाय म्हणून शेजारी तापमानाचा आणखी एक सेन्सर बसवतात, म्हणजे पहिल्याने जे खोटं सांगितलं ते दुसऱ्याने दुरुस्त करायचं.

आणखी एक गंमत. अशा डबीला अगदी जवळचं दिसत नाही. वीसेक सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की आवाज सोडून होतो न होतो तोच परत येतो आणि तिचा गोंधळ उडतो. दूरचं सगळं स्वच्छ दिसतं, नाकाखालचं नाही. "पुण्याला राहते ना, म्हणून," आत्या म्हणाली. डबी खरं तर चीनमधून आली होती.

तेवढ्यात एक नाववाला शेजारी येऊन बसला. पाणी चढलं की नावा बंद. पाणी उतरायची वाट पाहण्याखेरीज त्याला काम नव्हतं. मी त्याला माझ्या हिंदीत, म्हणजे ज्या भाषेला बनारसमध्ये लोक अतिशय सभ्यपणे हसतात त्या भाषेत, विचारलं की पाणी केव्हा उतरेल. तो पाण्याकडे न बघताच म्हणाला, "कल से दो सीढ़ी उतरा है, बाबूजी." झालं. पाहिलं, सांगितलं आणि ठरवलं, तिन्ही एका वाक्यात. करण्याचा भाग म्हणजे नाव बांधलेली ठेवणं, तो आधीच उरकला होता.

सरकारही हेच मोजतं. केंद्रीय जल आयोगाचं माप थोडं खाली राजघाटाला आहे. काशीची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. पावसाळ्यात इथल्या पेपरात हे आकडे रोज पहिल्या पानावर, आणि पाणी तासाला किती सेंटिमीटर चढतंय किंवा उतरतंय तेही. आजवरचा सगळ्यांत मोठा पूर सप्टेंबर १९७८चा, ७३.९०१ मीटर. मला त्या तिसऱ्या दशांशाचं फार कौतुक वाटलं. गंगेवर एक नाव गेली की वीतभर लाट येते, आणि सरकार धोका मिलिमीटरमध्ये सांगतं. पण त्यात सरकारची चूक नाही. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून जोडून आणला की दशांश मागोमाग येतातच.

खरा मुद्दा वेगळा आहे. इशारा पातळी यायच्या कितीतरी आधी घाटाघाटांमधला रस्ता तुटतो. आरती गच्चीवर जाते. मणिकर्णिकेला चिता वरच्या सज्जावर पेटवाव्या लागतात. नावा बांधल्या जातात, फुलवाल्या बाया वर सरकतात. म्हणजे घाटाचा धोका कधीच होऊन गेलेला असतो, ७१.२६२ हा शहराचा धोका. आकडा नदीने दिलेला नसतो. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की इथवर काळजी करायची नाही आणि इथून पुढे करायची. आमच्या टाकीचंही तसंच. वीस टक्क्यांना मोटार सुरू आणि पंच्याण्णवला बंद, हे भाच्याने ठरवलं. मी म्हटलं, दोन आकडे कशाला, पन्नासच ठेव. तो हसला. एकच आकडा ठेवला तर पाणी एक्कावन्न झालं की मोटार बंद, कुणी तांब्या भरला की एकोणपन्नास, मोटार सुरू, परत बंद, परत सुरू. संध्याकाळपर्यंत मोटार जळून जाईल. म्हणून सुरू करायचा आकडा आणि बंद करायचा आकडा यांत भरपूर अंतर ठेवायचं. रुसवा कधी धरायचा आणि कधी सोडायचा यांतही असंच अंतर असावं, असं बायको म्हणाली. हे तिने माझ्याकडे बघून म्हटलं.

आता सांगण्याचा भाग. इथे मात्र मला काशीने मदत केली.

आत्याला श्राद्ध करायचं होतं, म्हणून आम्ही आमच्याकडच्या लोकांच्या क्षेत्रोपाध्यायांकडे गेलो. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी वस्ती आहे. मराठी बोलतात, पण क्रियापद मध्येच गंगेत डुबकी मारून येतं. गुरुजींनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, तालुका विचारला, आणि फडक्यातून एक लांबट वही काढली. जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात आडनाव. बोट फिरत फिरत थांबलं. आत्याच्या आजोबांची सही! मोडीतली. काशीला आलो होतो, बरोबर अमुक अमुक, घरी इतकी मुलं. आत्याने सहीवरून बोट फिरवलं आणि आम्ही सगळे उगाच गप्प झालो.

भाचा मात्र उसळला. "मामा, हाच ब्रोकर!"

मला वाटलं हा गुरुजींना दक्षिणेवरून काही बोलतोय. पण नाही. टाकीवरची डबी माझ्या फोनला निरोप पाठवत नाही, तो म्हणाला. तिला माझा पत्ताच माहीत नाही. आणि फोनला डबीचा पत्ता सापडणार नाही, कारण घरातल्या राउटरने तिला दिलेला पत्ता आतल्या आतला असतो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात तोच पत्ता असलेली एखादी वस्तू निघेल. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. तेहतीस कोटी देवांना पुरून उरले असते, माणसांच्या फोनांनाच पुरले नाहीत. नव्या पद्धतीत पत्त्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे, तेव्हा आता मुंगीलासुद्धा पत्ता मिळेल. पण घरोघरचे राउटर जुनीच वहिवाट धरून आहेत. म्हणून डबी स्वतः बाहेर पडते आणि एका मध्यस्थाकडे जाते. त्याच्या वहीत 'नागपूर, महाल, घर, गच्ची, टाकी' असा मथळा असतो, त्याखाली ती आपला निरोप टाकते. ज्याने त्या मथळ्याखाली नाव नोंदवलंय त्या प्रत्येकाला मध्यस्थ तो निरोप पोचता करतो. डबीला मी माहीत नाही, मला डबी माहीत नाही. दोघांना गुरुजी माहीत.

या पद्धतीचं नाव एमक्यूटीटी. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती तेलाच्या पाइपलाइनीसाठी काढली. वाळवंटातल्या पाइपलाइनीवरचा दाब उपग्रहावरून कळवायचा, आणि उपग्रह शब्दागणिक पैसे घेणार, म्हणून निरोपाचं पाकीट दोन बाइटांत बसवलं. तारेच्या काळात 'आई आजारी, निघा' लिहिणारे आपले लोक यांचे पूर्वज. आणि शेवटचा निरोप राखून ठेवायची सोयही यात आहे. एखादा नवा माणूस आज येऊन नाव नोंदवतो, तेव्हा त्याला पुढच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. आधी कुणी टाकून गेलेला निरोप तिथे जपलेला असतो, तो लगेच हातात पडतो. आत्याच्या आजोबांचा पडला तसा.

निरोप पोचवण्याच्या पातळ्याही तीन. पहिली: एकदा सांगितलं, पोचलं तर पोचलं. दुसरी: पोच मिळेपर्यंत सांगत राहायचं, मग तोच निरोप दोनदा गेला तरी चालेल. तिसरी: अगदी एकदाच पोचला पाहिजे, त्यासाठी दोघांत चार वेळा बोलाचाली होते. "म्हणजे एकदाच सांगितलं अन् एकदाच ऐकलं, असं होते?" आत्याने गुरुजींच्या बायकोकडे पाहिलं. दोघींचाही विश्वास बसला नाही.

वस्तूंनी इंटरनेटवर बोलावं ही कल्पना मुळात पुण्यकर्मातून निघालेली नाही, आळसातून निघाली. १९८२च्या सुमारास अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना खोलीपासून लांब असलेल्या यंत्रापर्यंत कोकाकोला आणायला जायचं, आणि बाटल्या संपलेल्या किंवा कोमट मिळायच्या. त्यांनी यंत्राच्या दिव्यांना तारा जोडल्या आणि संगणकावर बसल्या जागी कळेल अशी सोय केली: बाटल्या आहेत का, आणि गार व्हायला पुरेसा वेळ झाला का. १९९१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण तेच. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ साली दिलं. ते तेव्हा साबण-लिपस्टिक विकणाऱ्या कंपनीत होते आणि दुकानातल्या फळीवरून कुठली लिपस्टिक संपली ते कळत नाही ही त्यांची अडचण होती. तिन्ही गोष्टींत माणसाला जागचं उठायचं नाही, एवढंच सूत्र समान. आमच्या घाटावरच्या वाड्यात म्हणे दरभंग्याच्या महाराजांनी हाताने ओढायची लिफ्ट बसवली होती. तिथे उठायचं नाही ते महाराजांना. ओढणाऱ्याचं कुणी विचारलं नाही.

गुरुजींच्या गच्चीवरून खाली गंगा दिसत होती. गढूळ, फुगलेली, वेगात. भाच्याने सांगितलं की नदीकाठीसुद्धा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची आपली आपण मोजणारी केंद्रं आहेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, आम्लता, गढूळपणा, तापमान, सगळं दर थोड्या वेळाने मंडळाकडे जातं. आंघोळीच्या पाण्यात प्राणवायू लिटरला किमान पाच मिलिग्रॅम असावा, हा नियम. पण त्याच नियमात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचीही मर्यादा आहे, शंभर मिलिलिटरला जास्तीत जास्त २५००, आणि बरं तर ५००च. ते जंतू मोजायला तारेच्या टोकाला लावायचा सेन्सर नाही. पाणी प्रयोगशाळेत न्यायचं, जंतू वाढू द्यायचे, एक-दोन दिवस थांबायचं, मग मोजायचं. म्हणजे आंघोळ करणाऱ्याला जे आधी कळायला हवं ते यंत्राला सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं त्यावर कुणी आंघोळ थांबवत नाही.

इथून दक्षिणेला तुळशी घाटावर एक प्रयोगशाळा आहे. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन काढलं आणि त्यातून गंगेचं पाणी नियमित तपासणारी ती प्रयोगशाळा उभी राहिली. महंत काशी हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. रोज पहाटे गंगेत बुडी मारायचे आणि ते पाणी बुडी मारण्याच्या लायकीचं नाही हे आकड्यांनिशी दिल्लीला सांगायचे. २०१३ साली ते गेले. चार कामांपैकी पाहणं आणि सांगणं त्यांनी जन्मभर केलं. ठरवणं आणि करणं ज्यांच्याकडे होतं त्यांच्या बाजूने पोच फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आली. आज सेन्सर पुष्कळ झालेत. काशी आणि नागपूर, दोन्ही शहरं सप्टेंबर २०१६च्या एकाच सरकारी यादीतून 'स्मार्ट सिटी' झाली. दोन्हीकडे मोठमोठे पडदे लावलेल्या नियंत्रणाच्या खोल्या आहेत. त्या पडद्यांवर काय दिसतं यापेक्षा दिसल्यावर खुर्चीतला माणूस कुणाला फोन करतो, आणि तो फोन उचलतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पण उचलतो का हे मोजणारा सेन्सर अजून निविदेत आलेला नाही.

श्राद्धाचे पिंड ठेवून झाले होते, गुरुजी दर्भ सोडवत होते, तेव्हा खिशात फोन पुन्हा थरथरला. या वेळी टक्के नव्हते. 'टाकी: संपर्क तुटला.'

भाच्याने फोन घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "हे तिचं मृत्युपत्र आहे."

ही थट्टा नव्हती. डबी मध्यस्थाकडे पहिल्यांदा जाते तेव्हाच एक निरोप बंद करून ठेवते: मी न सांगता अचानक गेले तर हा माझ्या नावाने सगळ्यांना दे. मग ती ठरल्या वेळी नुसती हाक मारत राहते, मी आहे, मी आहे. ठरल्या वेळेच्या दीडपट काळ हाक आली नाही, की मध्यस्थ समजतो काय ते, आणि पाकीट फोडतो. नीट निरोप घेऊन गेली तर पाकीट न फोडता टाकून देतो. नागपुरात वीज गेली होती. डबीला निरोप घ्यायला सवड मिळाली नाही.

"म्हणजे मेली नागपुरात," आत्या हिशोब मांडत म्हणाली, "अन् निरोप आला काशीत. श्राद्धाच्या वेळी. काय हो गुरुजी, मुक्ती मिळते का अशानं?"

गुरुजींनी विचार केला. ते म्हणाले, देह काशीत पडायला पाहिजे, निरोप पुरत नाही. मध्यस्थाचा संगणक कुठे आहे असं त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, मुंबईला. तेव्हा त्यांनी आशा सोडली.

पण पाऊण तासाने डबी परत जन्माला आली. वीज आली होती. जन्मतः तिला वाटलं की आज १ जानेवारी १९७० आहे. या यंत्रांचा काळ त्या दिवसापासून मोजला जातो, आणि आत घड्याळाला बॅटरी नसली तर जाग आल्यावर त्यांना शून्यापासूनच आठवतं. मग ती इंटरनेटवर कुणाला तरी तारीख विचारून घेतात. इथपर्यंत ठीक होतं. पुनर्जन्मानंतर मागचं काही आठवू नये हीच सोय असते. पण मध्यस्थाकडे भाच्याने जपून ठेवलेला एक जुना निरोप होता: 'मोटार सुरू कर.' सकाळी केव्हातरी दिलेला. जपलेला निरोप नव्याने आलेल्याला लगेच हातात मिळतो, हे तर मघाशीच आपण कौतुकाने पाहिलं. डबीने नव्या जन्मात पहिल्या प्रथम आजोबांची सही पाहिली आणि आज्ञाधारकपणे मोटार सुरू केली. टाकी ब्याण्णव टक्के होतीच. ती पंच्याण्णववर थांबायला हवी होती, पण वरचं पाणी डबीच्या नाकाखाली आलं होतं, आणि नाकाखालचं तिला दिसत नाही.

हे आम्हाला फोनने कळलं नाही. म्हणजे फोननेच कळलं, पण शेजारच्या काकूंच्या. "अहो, तुमच्याकडे काही पूजा वगैरे आहे का? गच्चीवरून गंगा येऊन राहिली आमच्या अंगणात." काकू नंतर जिना चढून गेल्या आणि मोटारीचं बटण हाताने बंद केलं. भाच्याने सुरुवातीला ते बटण काढून टाकायचा बेत केला होता, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. आत्याने काढू दिलं नव्हतं.

रात्री भाचा खोलीत बसून दुरुस्त्या करत होता, तेव्हा आत्याने त्याला एक प्रश्न विचारला. आपण इथं बसून मोटार चालवू शकतो, तर दुसरं कोणी कुठंही बसून चालवू शकते का? चालवू शकतं, तो म्हणाला. ऑक्टोबर २०१६मध्ये जगभरातले हजारो कॅमेरे आणि राउटर एकदम फितूर झाले होते. मिराय नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून येतानाचे साठेक पासवर्ड एकेक करून लावून पाहिले, लोकांनी ते बदललेलेच नव्हते, आणि त्या सगळ्या फितुरांना वेबसाइटचे पत्ते सांगणाऱ्या एका कंपनीवर सोडलं. अमेरिकेत अर्धा दिवस मोठमोठ्या वेबसाइट उघडेनात. कॅमेऱ्यांचे मालक तेव्हा निवांत होते, कारण त्यांच्या घरातला कॅमेरा नेहमीप्रमाणे चालू होता.

तेव्हा वाचकहो, गच्चीवर डबी बसवणार असाल तर जरूर बसवा, हजार-दोन हजारांत काम होतं आणि पाणी खरंच वाचतं. पण डबीवर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. 'सुरू कर' हा हुकूम मध्यस्थाकडे जपून ठेवायला लावू नका. टाकी काठोकाठ भरली की मोटार तोडणारा साधा फ्लोट स्विच, दीड-दोनशे रुपयांचा, डबीच्या जोडीला ठेवाच; त्याला इंटरनेट लागत नाही आणि तारीख विचारावी लागत नाही. मोटारीचं हाताचं बटण काढू नका. आणि घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन, मगच काशीला निघा.